ईरी सरोवरावर वॉलआय धरायला पहिल्यांदा जाताना

ओहायो, मिशिगन किंवा ऑन्टॅरिओत स्थायिक झालेल्या मराठी मंडळींपैकी ज्यांना गरवण्याची हौस आहे, ते बहुधा घराजवळच्या तळ्यात ब्लूगिल आणि बास धरण्यापासून सुरुवात करतात, आणि लवकरच कोणीतरी त्यांना सांगते की खाण्याजोगा मासा हवा असेल तर ईरी सरोवरावर जाऊन वॉलआय धरा. सल्ला अगदी योग्य आहे. पर्च कुळातला हा मासा चवीला सौम्य, पांढऱ्याशुभ्र मांसाचा आणि रोहू-कटल्याच्या मानाने फारच कमी काट्यांचा असतो. अडचण माशाची नसून पाण्याची आहे. ईरी सुमारे ३८८ किलोमीटर लांब आणि जास्तीत जास्त ९२ किलोमीटर रुंद आहे. त्याच्या मोकळ्या किनाऱ्यावर उभे राहिल्यास पलीकडचा कॅनडा दिसत नाही. एक जागा धरून बसायचे आणि माशाची वाट पाहायची, ही तळ्यावर लागलेली सवय येथे कामी येत नाही. म्हणून पहिल्या सहलीची तयारी म्हणजे मुख्यतः एकच काम असते, ते म्हणजे एवढ्या अफाट पाण्यातून आपल्या दोन-तीन दिवसांपुरता एक लहानसा तुकडा निवडणे. तो निवडताना आधी महिना, मग बंदर आणि शेवटी वारा, हा क्रम पाळावा. बरेच नवखे लोक सुट्टी आणि हॉटेल आधी ठरवतात आणि मासा कुठे आहे याची चौकशी नंतर करतात. तेथेच अर्धी सहल वाया जाते.

महिना ठरवणे

सरोवराचे तीन भाग मानले जातात. टोलिडोपासून केलीज वगैरे बेटांपर्यंतचा पश्चिम भाग सर्वांत उथळ असून त्याची सरासरी खोली जेमतेम २४ फूट, म्हणजे आपल्या कोळ्यांच्या मापाने चार वाव भरते. बेटांच्या पूर्वेला मधला भाग सुरू होतो. त्याची सरासरी खोली ६० फुटांच्या आसपास आहे. त्यापलीकडचा पूर्व भाग सर्वांत खोल असून तेथे तळ २१० फुटांपर्यंत जातो.

वॉलआय या तिन्ही भागांत फिरता राहतो आणि त्याच्या फिरण्याला ठरलेले वेळापत्रक आहे. बर्फ वितळल्यावर, मार्चच्या उत्तरार्धापासून एप्रिलपर्यंत, तो पश्चिम भागातल्या खडकाळ उथळांवर तसेच मॉमी आणि सॅन्डस्की या नद्यांमध्ये अंडी घालतो. अंडी घालून झाल्यावर मोठे मासे, त्यातही मोठ्या माद्या, थंड पाणी आणि खाद्य यांच्या मागे पूर्वेकडे सरकू लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये त्या क्लीव्हलंड, जिनीव्हा, ॲश्टाब्यूला या बंदरांसमोर खोल पाण्यात सापडतात. पाणी पुन्हा थंड होऊ लागले की शॅड आणि शायनर या लहान माशांच्या थव्यांमागोमाग ते पश्चिमेला परततात, आणि नोव्हेंबरच्या रात्री ह्यूरन किंवा लोरेनच्या धक्क्यावर उभे राहूनही मोठा मासा मिळू शकतो.

आता यातला कोणता काळ नवख्याने निवडावा? एप्रिलमध्ये मासे एकवटलेले असतात आणि गाबोळीने भरलेल्या माद्या आकाराने मोठ्या असतात हे खरे, पण पाणी इतके थंड असते की त्यात पडलेल्या माणसाचे हातपाय काही मिनिटांत काम करेनासे होतात, आणि वाऱ्याचा भरवसा नसतो. उन्हाळ्यात खोल पाण्यातल्या माशांसाठी गळ खोल नेणारे डायव्हर, चमच्याच्या आकाराचे धातूचे आमिष म्हणजे स्पून, दोरी बोटीपासून बाजूला ठेवणारे प्लॅनर बोर्ड अशी बरीच सामग्री आणि ती हाताळण्याचा सराव लागतो. नोव्हेंबर तर अनुभवी लोकांचाच. माझ्या मते पहिल्या सहलीसाठी मे महिन्याचा शेवटचा आठवडा ते जूनचा मध्य हा काळ सर्वांत सोयीचा आहे: हवा बऱ्यापैकी स्थिरावलेली असते, भरपूर मासे अजून पश्चिम भागात आणि बेटांभोवती असतात, आणि साध्या सामग्रीवर ते लागतात. जूनच्या उत्तरार्धात मात्र मेफ्लाय नावाचे किडे तळातून वर येतात. ते इतक्या संख्येने उडतात की हवामानाच्या रडारवर त्यांचे ढग दिसतात आणि सकाळी रस्त्यावरच्या दिव्यांखाली त्यांचे खच पडलेले असतात. त्या दिवसांत वॉलआय याच किड्यांच्या अळ्या खाऊन तुडुंब असतो आणि गळाकडे ढुंकूनही पाहत नाही, म्हणून तारखा पक्क्या करण्यापूर्वी स्थानिक बेट शॉपमध्ये, म्हणजे आमिषाच्या दुकानात, एक फोन करून किडे निघाले का हे विचारावे.

बंदर आणि बोट

पहिल्यांदा जाणाऱ्याने पोर्ट क्लिंटन, मार्बलहेड आणि कटाबा हा परिसर निवडावा, असे मी निःशंकपणे सांगेन. क्लीव्हलंडहून तेथे गाडीने साधारण सव्वा तासात, टोलिडोहून त्याहून लवकर पोहोचता येते. पोर्ट क्लिंटन स्वतःला जगाची वॉलआय राजधानी म्हणवते आणि ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री तेथे फायबरग्लासचा २० फुटी वॉलआय क्रेनने खाली उतरवून नववर्षाचे स्वागत केले जाते, यावरून गावाचे चित्त कशात आहे ते कळावे. याचा व्यावहारिक फायदा असा की आमिष, बर्फ, मासे साफ करून देणारी केंद्रे, चार्टर बोटी, म्हणजे कॅप्टनसह भाड्याने मिळणाऱ्या बोटी, आणि स्वयंपाकघरासह राहण्याच्या खोल्या, हे सगळे काही मैलांच्या आत मिळते.

स्वतःची बोट असली तरी पहिल्या दिवशी चार्टर घ्यावी. यात पैसे जातात, पण कॅप्टन त्या आठवड्यात रोज पाण्यावर असतो. मासा कोणत्या खोलीवर आहे, कोणता रंग चालतो आहे, गढूळ पाण्याची कड कोठे आहे, हे तुम्हाला चार दिवस भटकून जे कळणार नाही ते त्याच्याबरोबर सकाळच्या दोन तासांत कळते. चार्टर बोटीवर बहुधा सहा जणांपर्यंत प्रवासी घेतात, त्यामुळे दोन कुटुंबांनी मिळून घेतल्यास खर्च आटोक्यात राहतो. एकट्यादुकट्याने जायचे असल्यास तिकीट काढून बसायच्या मोठ्या, सामायिक बोटीही असतात. आरक्षण करताना काही गोष्टी स्पष्ट विचारून घ्याव्यात: कॅप्टनकडे अमेरिकन कोस्ट गार्डचा परवाना आहे ना, वाऱ्यामुळे फेरी रद्द झाल्यास आगाऊ रकमेचे काय, मासे साफ करून मिळतात का, आणि गळ फेकून धरायचे की बोट चालती ठेवून ट्रोलिंग करायचे. शिकण्याची इच्छा असेल तर फेकून धरायला देणारा कॅप्टन शोधावा, कारण ट्रोलिंगमध्ये सगळी कामे कॅप्टन आणि त्याचा मदतनीसच करतात आणि पाहुण्याच्या वाट्याला फक्त रीळ गुंडाळणे येते. मदतनीसाला उतरताना बक्षिसी देण्याची पद्धत आहे, ती रक्कम खर्चात धरावी. आणखी एक: डब्यात केळी नेऊ नका. बोटीवर केळे म्हणजे अपशकुन असे तेथील पुष्कळ खलाशी मानतात, आणि दिवसभर मासा लागला नाही तर त्याचे खापर तुमच्या पिशवीवर फुटते.

स्वतःची बोट नेणाऱ्यांसाठी मार्बलहेडजवळचा मझूरिक आणि कटाबा आयलंड स्टेट पार्क हे बोट पाण्यात उतरवायचे दोन सरकारी उतार सोयीचे आहेत. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला ओहायोत दहा अश्वशक्तीपेक्षा मोठे इंजिन चालवायचे असल्यास बोटिंगचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र लागते, ते आधीच मिळवून ठेवावे. नकाशावर दोन जागा ठळक करून ठेवाव्यात. पहिली कॅम्प पेरी या लष्करी नेमबाजी केंद्रासमोरचे पाणी. गोळीबार चालू असताना तेथे जाण्यास मनाई असते, आणि वसंत ऋतूतली काही नामांकित उथळे नेमकी त्याच पट्ट्यात आहेत. दुसरी म्हणजे सरोवराच्या मधून जाणारी आंतरराष्ट्रीय सीमारेषा. पाण्यावर ती रंगवलेली नसते, केवळ जीपीएसवर दिसते. ती ओलांडून मासे धरायचे तर ऑन्टॅरिओचा परवाना लागतो, आणि अमेरिकेत व्हिसावर राहणाऱ्याने तर तिच्या आसपासही फिरकण्याचे कारण नाही. पश्चिम भागात अमेरिकेच्या बाजूलाच पुरेसे मासे आहेत.

परवाना आणि नियम

सोळा वर्षे आणि त्यावरील प्रत्येकाला ओहायोचा मासेमारी परवाना लागतो, चार्टर बोटीवर असतानासुद्धा. तो राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर काही मिनिटांत मिळतो आणि एका दिवसाचाही असतो. राज्याबाहेरून येणाऱ्यांना जानेवारी ते एप्रिल या काळात ईरीसाठी वेगळे परमिटही घ्यावे लागते. ओहायोच्या पाण्यात सध्या एका माणसाला दिवसाला सहा वॉलआय ठेवता येतात आणि प्रत्येकाची लांबी किमान १५ इंच असावी लागते. हे आकडे माशांच्या संख्येच्या पाहणीनुसार बदलू शकतात, म्हणून निघण्यापूर्वी त्या वर्षीची नियमपुस्तिका पाहावी. मासा किनाऱ्यावर येईपर्यंत कापू नये. तपासनिसाला तो अख्खा मोजता आला पाहिजे.

वारा वाचणे

या लेखातला एकच भाग लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवावा. कोकणच्या समुद्रावर वावरलेल्या माणसाला ‘तळ्याला कसली लाट’ असे वाटणे स्वाभाविक आहे, पण ईरी उथळ असल्यामुळेच घातक आहे. खोल समुद्रातली लाट लांब असते आणि बोट तिच्यावर चढून उतरते. उथळ पाण्यातली लाट आखूड आणि उभी असते, दोन लाटांमध्ये बोटीला सावरायला अंतर मिळत नाही, आणि चार फुटांच्या लाटाही अठरा फुटी बोटीत पाणी भरू शकतात.

नॅशनल वेदर सर्व्हिसच्या क्लीव्हलंड कार्यालयाकडून सरोवराच्या प्रत्येक पट्ट्याचा स्वतंत्र अंदाज दिला जातो. किनारी अंदाज किनाऱ्यापासून पाच सागरी मैलांपर्यंतचा असतो आणि त्यापुढच्या पाण्याचा वेगळा. बेटांच्या बाहेर जाणार असाल तर दोन्ही वाचावेत. अंदाजात दिलेली लाटेची उंची ही मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते, त्यामुळे एखादी लाट त्याच्या जवळजवळ दुप्पटही येऊ शकते. पहाटे निघण्यापूर्वी बेटांच्या पूर्वेला असलेल्या ४५००५ क्रमांकाच्या बोयाचा, म्हणजे पाण्यावर तरंगत लाटा मोजणाऱ्या यंत्राचा, ताजा आकडा पाहावा, म्हणजे अंदाज आणि प्रत्यक्ष यांत किती फरक आहे ते समजते. माझा सोपा हिशोब असा आहे: दोन फूट किंवा त्याहून कमी असेल तर स्वतःच्या बोटीने जावे, दोन ते चार फूट असेल तर कॅप्टनच्या मोठ्या बोटीने, तेही तो म्हणाला तर, त्यावर असेल तर दिवस किनाऱ्यावर काढावा. कॅप्टनने फेरी रद्द केली तर त्याच्याशी हुज्जत घालू नये.

दिशाही तितकीच महत्त्वाची आहे. दक्षिणेचा वारा फसवा असतो. तो ओहायोच्या किनाऱ्यावरून पाण्याकडे वाहतो, त्यामुळे उतारावर पाणी अगदी शांत दिसते, शेजारच्या ध्वजस्तंभावरचा झेंडा मात्र ताठ उभा असतो. अशा वेळी पाण्याकडे न पाहता झेंड्याकडे पाहावे, कारण सहा-सात मैल आत गेल्यावर हाच वारा लाटा उभ्या करतो आणि परतताना त्या तोंडावर घ्याव्या लागतात. ईशान्येचा वारा सरोवराच्या जवळजवळ सगळ्या लांबीवरून येतो, म्हणून पश्चिम भागात त्याच्या लाटा सर्वांत मोठ्या असतात, आणि तो ओसरल्यावरही दोन-तीन दिवस पाणी चहासारखे गढूळ राहते. नैर्ऋत्येचा किंवा पश्चिमेचा जोरदार वारा तर सगळे पाणीच बफलोच्या बाजूला ढकलतो. ईरीला समुद्रासारखी भरती-ओहोटी नाही, पण अशा वाऱ्यात टोलिडोच्या बाजूची पातळी काही फुटांनी खाली जाते आणि सकाळी सहज उतरवलेली बोट संध्याकाळी उतारावर परत चढवता येत नाही.

म्हणून दोन दिवस मासेमारी करायची असेल तर तीन दिवस राहायचे आरक्षण करावे. एक दिवस वाऱ्याला द्यायचाच असतो. तो दिवस वाया जात नाही. १८२२ पासून अखंड जळत असलेले मार्बलहेडचे दीपगृह आणि केलीज बेटाची फेरी त्यात सहज होते.

पूर्ण शांत, लख्ख उन्हाचा दिवस मात्र चांगला मानू नये. वॉलआयच्या डोळ्यांत दृष्टिपटलामागे प्रकाश परावर्तित करणारा थर असतो. जिताड्याचे डोळे अंधारात चमकतात तसेच त्याचेही चमकतात. अंधुक उजेडात तो आपल्या भक्ष्यापेक्षा चांगले पाहतो, म्हणून पहाट, संध्याकाळ, ढगाळ आकाश आणि एक-दीड फुटाची हलकी लाट या चार गोष्टी त्याच्या आणि तुमच्याही फायद्याच्या आहेत. वादळानंतर गढूळ आणि स्वच्छ पाण्याची सीमा उपग्रहचित्रांत स्पष्ट दिसते; त्या सीमेच्या स्वच्छ बाजूला पहिला प्रयत्न करावा.

सामग्री आणि गळ टाकणे

सामग्री कमी न्यावी. साडेसहा-सात फुटांचा मध्यम ताकदीचा रॉड, त्याला साजेसे स्पिनिंग रीळ आणि दहा पौंडी तंगूस, एवढ्यावर या मोसमात भागते. आमिष म्हणून जाड गांडूळ, ज्याला तेथे नाइटक्रॉलर म्हणतात, ते दुकानातून डबीत घ्यावे आणि बर्फाच्या पेटीत, पण पाण्यापासून लांब ठेवावे.

फेकून धरण्यासाठी पश्चिम भागात एक जुनी, साधी वस्तू चालते: पुढच्या बाजूला शिशाचे वजन, त्यामागे फिरणारे पाते आणि शेवटी एकच गळ. ईरी डिअरी या नावाने ती प्रसिद्ध आहे. तिला गांडूळ लावावे, बोट वाऱ्याबरोबर आडवी वाहू द्यावी, आणि बोट ज्या दिशेला वाहते आहे त्या दिशेला गळ फेकावा. वजन पाण्याला लागले की मोजायला सुरुवात करावी. ते साधारण सेकंदाला एक फूट खाली जाते, म्हणून दहापर्यंत मोजले तर गळ सुमारे दहा फुटांवर असतो. मग रॉडचे टोक हळूहळू बाजूला ओढत, सैल पडलेली दोरी रिळावर घेत तो परत आणावा. पुढच्या फेकीला बारा मोजावे, त्यापुढच्या फेकीला चौदा. बोटीवरच्या प्रत्येकाने वेगळा आकडा घेतला तर दहा मिनिटांत सगळे पाणी वरपासून खालपर्यंत तपासून होते, आणि ज्याला मासा लागला त्याचा आकडा मग सर्वांनी धरायचा. मी पाहिलेले नवखे लोक येथेच चुकतात. ते फेकतात, पण मोजत नाहीत, त्यामुळे मासा लागला तरी तो कोणत्या खोलीवर लागला हे त्यांना सांगता येत नाही.

मासा लागल्याचा झटका बहुतेक वेळा बसतच नाही. दोरीच्या टोकाला नुसता जडपणा येतो, पाते फिरायचे थांबते, आणि हे बहुधा गळ बोटीखालून वर वळू लागतो तेव्हा होते. अशा वेळी जोरात हिसका न देता रॉड मागे घेत वजन भरू द्यावे.

ट्रोलिंग करायचे असल्यास दोन गळ, मणी आणि पाते असलेली क्रॉलर हार्नेस वापरावी आणि बोटीचा वेग ताशी एक ते दीड मैल ठेवावा. पहिला गळ गांडुळाच्या तोंडाकडच्या टोकातून आणि दुसरा मध्याच्या किंचित मागून असा घालावा की गांडूळ पाण्यात सरळ राहील; ते गळांमध्ये गोळा झाले तर गरगर फिरते, दोरीला पीळ पडतो आणि मासा लांब राहतो. दर थोड्या वेळाने ओढून पाहावे, कारण लहान पर्च माशांनी गांडूळ अर्धे खाल्लेले असण्याची शक्यता असते. शीपहेड नावाचा जोरकस, करडा मासा तर हमखास लागतो आणि वर येईपर्यंत मोठ्या वॉलआयची आशा दाखवतो.

वॉलआय वर आला की दोरीला धरून उचलू नये. जाळे आधी पाण्यात ठेवून त्यात मासा डोक्याकडून घ्यावा. बासला धरतात तसा अंगठा तोंडात घालू नये, दात तीक्ष्ण असतात. कल्ल्यांची कड आणि पाठीवरचे काटेही हात कापतात.

अंगावर काय, पेटीत काय

जूनमध्येही पहाटे पाण्यावर गारवा असतो, म्हणून थरांत कपडे आणि वारा न लागणारे जाकीट न्यावे. लाइफ जॅकेट बोटीत ठेवायचे नसून अंगावर घालायचे असते. मोबाइलच्या भरवशावर न राहता स्वतःच्या बोटीवर व्हीएचएफ रेडिओ ठेवावा. संकटात १६ क्रमांकाच्या चॅनेलवर कोस्ट गार्डला बोलावता येते. बोट लागण्याचा त्रास असलेल्यांनी गोळी निघण्याच्या तासभर आधीच घ्यावी, मळमळ सुरू झाल्यावर तिचा काही उपयोग होत नाही, आणि सकाळी उपाशीपोटी बोटीत बसू नये.

मासा धरल्याबरोबर बर्फात गेला पाहिजे. बर्फात थोडे पाणी घातले तर तो चहूबाजूंनी लवकर गार होतो. बंदरावरच्या केंद्रात वजनावर पैसे घेऊन मासे साफ करतात आणि कातडी काढलेले काप देतात. काप घेताना मधली लालसर पट्टी काढायला सांगावी, कारण उग्र वास असला तर तिचाच असतो. गोड्या पाण्यातल्या माशाला मीठ थोडे जास्त सोसते. हळद, मीठ, लाल तिखट आणि कोकमाचे आगळ लावून पाव तास ठेवावे आणि बारीक रव्यात घोळवून तव्यावर कमी तेलात तळावे. काप पातळ असतात, म्हणून एका बाजूला तीन-चार मिनिटे पुरतात. ओहायो राज्य आपल्या पाण्यातले मासे किती वेळा खावेत याचा सल्ला दरवर्षी प्रसिद्ध करते. घरात गरोदर स्त्री किंवा लहान मुले असल्यास तो पाहूनच बेत आखावा. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात पश्चिम भागात हिरवे शेवाळ पसरते. अशा पाण्यातला मासा नळाच्या पाण्याने नीट धुऊन घ्यावा आणि आतली घाण व कातडी टाकून द्यावी.

घरी न्यायचे काप माणशी वेगळ्या पिशव्यांत भरावेत, म्हणजे वाटेत कोणी तपासले तर कोणाचे किती हे लगेच दाखवता येते. पिशव्यांतली हवा काढून त्या बर्फावर सपाट ठेवाव्यात, आणि वितळलेले पाणी पेटीतून वरचेवर काढून टाकावे.